एप्रिलचा वणवा जानेवारीतच अडवायचा असतो

थंडी सरता सरता मेळघाट नाहीतर ताडोबाकडे गेलात तर रस्त्याकडेला एक काळी पट्टी दिसते. गवत जळून राख झालेलं, आणि पट्टी संपली की लगेच कमरेएवढं पिवळं गवत जसंच्या तसं उभं. गाडीतलं कुणीतरी हमखास म्हणतं, अरेरे, वणवा लागून गेला वाटतं इथे. मीही पहिल्यांदा असाच हळहळलो होतो, तर सोबतचा गाईड हसायला लागला. वणवा कुठला साहेब, ही जाळरेषा, आम्हीच जाळलीय.

आता बघा, आग पेटायला जळण, हवा आणि ठिणगी लागते. हवा कुणाच्या बापाला थांबवता येत नाही आणि ठिणगी कुठूनही येते, कुणी विडी फेकतं, कुणी बांध जाळतं, कुणी मोहाखालचा पाला पेटवतं कारण मोहफुलं वेचायला जमीन साफ हवी असते. म्हणजे आपल्या हातात उरतं फक्त जळण, आणि सागाच्या जंगलात त्याला काय तोटा, जानेवारी ते मार्च पानगळ चालू, एकेक पान सुपाएवढं, वाळलं की पापडासारखं कडकडीत. म्हणून जंगलाचे तुकडे पाडायचे आणि मधल्या पट्ट्यांतलं जळण आपणच आधी संपवून टाकायचं. कुठे 6 मीटरची पट्टी, कुठे 12 मीटरची. महाराष्ट्रात आगीचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून धरतात, त्यामुळे हे सगळं काम तो सुरू व्हायच्या आधी उरकावं लागतं.

जाळायची पद्धत मात्र बघण्यासारखी असते. आधी पट्टीच्या दोन्ही कडांचं गवत कापून मध्ये टाकतात, ते वाळू देतात, मग संध्याकाळी वारा पडला आणि हवेत थोडा गारवा आला की पेटवतात, तेही वाऱ्याच्या उलट दिशेने. वाऱ्यासोबत जाणारी आग पुढच्या गवतावर वाकते, त्याला आधीच तापवते आणि मग धावत सुटते. वाऱ्याच्या विरुद्ध जाणारी आग मागे वाकलेली असते, तिला पुढचं गवत तापवता येत नाही, म्हणून ती गुडघ्याएवढीच राहते आणि रांगत रांगत जाते. बाजूला हिरव्या फांद्या आणि हवेचा झोत मारणारे ब्लोअर घेतलेली माणसं उभीच असतात, रेषेबाहेर एक पान जरी पेटलं तरी झोडून विझवतात. चढावर तर आणखी जपावं लागतं कारण चढणीला आग दुप्पट तिप्पट वेगाने वर पळते, आणि मेळघाटात सपाट जागा शोधूनच काढावी लागते.

आग म्हणजे जंगलाची कायमची वैरीण, हा विचारही तसा अलीकडचाच. 1860 च्या दशकात इंग्रजांनी मध्य प्रांतात, सातपुड्यातल्या बोरीच्या जंगलात आग पूर्ण बंद ठेवायचा प्रयोग सुरू केला. पुढे काही दमट जंगलांत उलटंच दिसायला लागलं, आग बंद केली तर झुडपं माजली आणि साल वृक्षाची नवी रोपं वर येईनात. कर्नाटकात बिळिगिरीच्या डोंगरातले सोलिगा लोकही सांगतात की आम्ही उन्हाळा तापायच्या आधी हलकी आग लावायचो ती बंद झाली आणि घाणेरीने जंगल गिळलं. याचा अर्थ आपणही काडी लावावी असा अजिबात नाही, एप्रिलमधली आग रोपं, अंडी, सरपटणारे जीव सगळं घेऊन जाते आणि तसं काही करणं गुन्हाच आहे. पण कधी आणि किती, यावर बरंच काही ठरतं.

इतकं करूनही आग लागतेच. मग वरून लक्ष ठेवायचं काम उपग्रह करतात. पेटलेली जागा साधारण 4 मायक्रॉनच्या आसपासच्या इन्फ्रारेडमध्ये, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांत, भोवतालापेक्षा भलतीच चमकते, ते टिपणाऱ्या उपग्रहावरच्या मोडिस कॅमेऱ्याच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवरच्या 1 किलोमीटरचा आणि नंतर आलेल्या व्हीआयआयआरएस कॅमेऱ्याचा 375 मीटरचा. डेहराडूनचं भारतीय वन सर्वेक्षण 2004 पासून यावरून इशारे देतंय, आता तर नोंद केली की एसएमएस थेट मोबाईलवर येतो. पण उपग्रह काही जंगलावर ठाण मांडून बसत नाही, व्हीआयआयआरएसची फेरी दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास, म्हणजे तीन वाजता लागलेली आग रात्रीपर्यंत त्याच्या हिशेबात नसतेच. शिवाय उसाचं पाचट पेटवलं तरी ठिपका उमटतो, म्हणून तो जंगलाच्या नकाशावर ताडून बघावा लागतो. आणि मेसेज आला तरी विझवायला शेवटी बीटवरचा वनरक्षक आणि फायर वॉचरच टेकडी चढतात, पाठीवर ब्लोअर घेऊन, भर उन्हात. आपल्याला धूर दिसला तर 1926 वर फोन लावावा, महाराष्ट्र वन विभागाच्या हॅलो फॉरेस्ट हेल्पलाइनचा नंबर आहे तो.

मोहाचं म्हणाल तर काही गावांत आता झाडाखाली जाळी बांधतात. फुलं जमिनीला लागतच नाहीत, सकाळी जाळी झटकली की टोपली भरते, पाला जाळायचा प्रश्नच येत नाही, आणि माती न लागलेल्या फुलाला भावही बरा मिळतो.