फुरसं समोर आलं की पाय का थिजतात?

रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या कातळावर आणि जांभ्याच्या गडग्यात फुरसं (एक विषारी साप) हमखास सापडतं. हातभर लांब, वेटोळं घालून बसलेलं, अंगावरचे खवले एकमेकांवर घासून खरखर आवाज करणारं. गवत कापताना तो आवाज कानावर पडला की विळा हातातच थांबतो. पाय हलत नाहीत आणि हृदयाचे ठोके क्षणभर मंदावतात. छाती धडधडायला लागते ती त्यानंतर, शरीर पळायच्या तयारीत आल्यावर. या थिजण्याला भेकडपणा म्हणणं चूक आहे. स्नायू ताणलेले असतात आणि धोका नेमका कुठे आहे याचा अंदाज डोळे-कान घेत असतात. प्रयोगशाळेत माणसाला वजनाची हालचाल नोंदवणाऱ्या फळीवर उभं करून रागीट चेहऱ्यांची चित्रं दाखवली, तरी शरीराचं नकळत डुलणं कमी होतं आणि नाडी संथ होते.

कोणी पटकन सावरतो, कोणी बराच वेळ थिजलेला राहतो. या फरकात सेरोटोनिनचा, म्हणजे पेशींमध्ये निरोप पोचवणाऱ्या एका रसायनाचा, वाटा आहे. शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात असतं आणि ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. केळ्यातही सेरोटोनिन असतं, पण केळी खाऊन भीती कमी होत नाही ती याचमुळे. मेंदू स्वतःचं सेरोटोनिन स्वतः बनवतो. ते बनवणाऱ्या पेशी मेंदूच्या बुंध्यात असतात, आणि त्यांचे धागे अमिग्डाला या धोक्याची दखल घेणाऱ्या मेंदूच्या भागापर्यंत पोचतात. निरोप देऊन झाला की पेशीच्या आवरणातला एक प्रथिन-पंप सेरोटोनिन परत आत ओढतो.

या पंपाचं जनुक १७व्या गुणसूत्रावर आहे. पंप किती बनवायचे हे ठरवणाऱ्या भागात एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो, बहुधा १४ वेळा किंवा १६ वेळा. पहिला आखूड प्रकार, दुसरा लांब. दोन्हींत डीएनएच्या सुमारे ४४ अक्षरांचा फरक. आखूड प्रकारात पंप कमी बनतात, असं पेशींवरच्या प्रयोगांत दिसलं. २००२ साली २८ जणांना एमआरआयमध्ये भेदरलेले चेहरे दाखवले, तेव्हा आखूड प्रकारवाल्यांचा अमिग्डाला जास्त चेतला. २००३ मध्ये न्यूझीलंडमधल्या ८४७ जणांच्या अभ्यासातून निष्कर्ष निघाला, की आयुष्यात आघात आणि जोडीला आखूड जनुक असेल तर नैराश्य जास्त.

तो निष्कर्ष टिकला नाही. २००९ मध्ये १४ अभ्यासांतल्या १४,२५० जणांची माहिती एकत्र केली, तेव्हा हा संबंध दिसेनासा झाला. २०१९ मध्ये लाखो लोकांच्या माहितीतूनही तो मिळाला नाही. मुख्य कारण, सुरुवातीचे अनेक अभ्यास फार लहान होते. त्यात तपासणीतही गोम आहे. हा भाग जी आणि सी अक्षरांनी गच्च भरलेला असल्याने पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती काढण्याच्या पद्धतीत) लांब तुकड्याच्या प्रती नीट निघत नाहीत. मिश्रणात मॅग्नेशियमचं प्रमाण चुकलं, तर एक लांब आणि एक आखूड प्रत असलेला माणूस दोन आखूड प्रतींचा म्हणून नोंदला जातो. शिवाय लांब प्रकारात एका जागी ए-ऐवजी जी असेल, तर तो जवळपास आखूडासारखाच वागतो.

मग हे जनुक बिनमहत्त्वाचं का? तसंही नाही. ज्या उंदरांमध्ये हा पंपच नसतो, ते शॉकची आठवण करून देणारा आवाज ऐकून जास्त वेळ थिजतात, आणि शॉक बंद झाल्यावरही त्यांची भीती सावकाश ओसरते. यात एक कोडं आहे. नैराश्य-चिंतेवरची फ्लुओक्सेटीनसारखी औषधं हाच पंप अडवतात, पण त्यांनी भीती कमी होते! उलगडा बऱ्याच अंशी वयात आहे. २००४ च्या एका प्रयोगात जन्मानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत फ्लुओक्सेटीन दिलेली उंदराची पिल्लं मोठेपणी जास्त घाबरट निघाली. मेंदूची जोडणी चालू असताना सेरोटोनिन साचलं की जोडणीच वेगळी होते. मोठेपणी जोडलेल्या मेंदूवर त्याचा परिणाम निराळा.

म्हणून लाळेची नळी पाठवून मिळणाऱ्या जनुक-तपासणीच्या अहवालात ‘आखूड प्रकार’ लिहून आला, तर त्यावरून स्वतःला किंवा मुलाला भित्रं ठरवू नका. चिंताविकारांत आनुवंशिकतेचा वाटा साधारण ३० ते ४० टक्के धरतात, आणि तोही असंख्य जनुकांत विखुरलेला असतो. फ्लुओक्सेटीनसारखं औषध चालू असेल तर गुण यायला काही आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून मनाने बंद करू नका. चक्कर, बेचैनी, झोपमोड होते. डॉक्टरांना विचारून मात्रा हळूहळू कमी करा.