वाघनख पलटण ते ४१ राष्ट्रीय रायफल्स : कर्नल संतोष महाडिक

पॅरा कमांडो असलेला अधिकारी राष्ट्रीय रायफल्समध्ये, म्हणजे काश्मीरमध्ये दहशतवाद्यांशी लढणाऱ्या लष्करी दलात कसा, हा प्रश्न पुण्यात कर्नल संतोष महाडिक यांचं नाव निघालं की हमखास येतो. ते काश्मीरमध्ये शहीद झाले तेव्हाच्या बातम्यांत '२१ पॅरा' आणि '४१ राष्ट्रीय रायफल्स' ही नावं शेजारीशेजारी आली, गोंधळ तिथूनच सुरू झाला. त्याचं उत्तर मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या इतिहासात आहे.

१९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा मराठ्यांची ३ री पलटण '२ पॅरा' झाली. डिसेंबर १९७१ च्या बांगलादेश युद्धात टांगाईलला पॅराशूटनं उतरली ती हीच. पुढे १९८५ मध्ये उभी राहिलेली मराठा लाइट इन्फन्ट्रीची २१ वी पलटण १९९६ मध्ये २१ पॅरा (स्पेशल फोर्सेस) झाली. तिचं टोपणनाव 'वाघनख'.

या पलटणीत शिरायचं तर आधी प्रोबेशन, म्हणजे निवडीची कसोटी, साधारण ९० दिवसांची. जवान असो की अधिकारी, कसोटी एकच. पाठीवर वजन घेऊन १०, २०, ३०, ४० किलोमीटरचे स्पीड मार्च, त्यात झोप तोडलेली. चांगली धावणारी मुलंही इथं गळतात ती पायांमुळे. मोजे ओले राहतात, फोड येतो, तो अंगावर काढला की चाल बदलते आणि मग गुडघा धरतो. मनानं हरलेले त्याआधीच जातात. गळलेला माणूस आपल्या जुन्या पलटणीत परततो, त्यात कमीपणा नाही. आग्र्याच्या पॅरा कोर्समध्ये पॅराशूटनं पाच उड्या, त्यातली एक रात्रीची. जमिनीला टेकताना दोन्ही पाय घट्ट जुळलेले आणि गुडघे किंचित वाकलेले हवेत. पाय फाकले की सगळा भार एकाच घोट्यावर येतो.

महाडिक सातारा जिल्ह्यातल्या पोगरवाडीचे, सातारा सैनिक स्कूलचे विद्यार्थी. २१ पॅरात असताना ईशान्येतल्या ऑपरेशन ऱ्हायनो या लष्करी मोहिमेतल्या कामगिरीसाठी २००३ मध्ये सेना मेडल मिळालं.

स्पेशल फोर्सेसच्या पलटणी मोजक्या, प्रत्येकीला कमांडिंग ऑफिसर एकच. त्यामुळे तिथले कितीतरी अधिकारी राष्ट्रीय रायफल्सची कमान सांभाळतात. ४१ राष्ट्रीय रायफल्स ही मराठा लाइट इन्फन्ट्रीशी जोडलेली, म्हणजे तिथले निम्म्याच्या आसपास जवान मराठा पलटणींतून आलेले. वाघनखांचा अधिकारी असा पुन्हा मराठा जवानांत आला.

कामाची पद्धत मात्र वेगळी. कमांडो तुकडी ठरलेलं काम करून परतते, राष्ट्रीय रायफल्स वर्षानुवर्षं एकच मुलूख सांभाळते. नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यातल्या मनिगाहच्या जंगलात शोधमोहीम सुरू होती. अशा दाट झाडीत हातभर पुढचं दिसत नाही. शोधणारा हलतो, लपलेला स्थिर असतो, म्हणून पहिली गोळी बहुधा लपलेल्याचीच. एरवी कमांडिंग ऑफिसरनं मागे वायरलेसवरून मोहीम चालवली तरी कोणी बोट ठेवत नाही. महाडिक पुढे होते. १७ नोव्हेंबरला ते शहीद झाले.

२६ जानेवारी २०१६ ला त्यांना मरणोत्तर शौर्यचक्र जाहीर झालं. अशोकचक्र आणि कीर्तिचक्रानंतरचा हा सन्मान. वीरचक्राशी त्याची गल्लत नेहमी होते, पण वीरचक्र रणांगणावर शत्रूसमोरच्या शौर्यासाठी, शौर्यचक्र त्याखेरीजच्या पराक्रमासाठी.

त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांना वयाची अट शिथिल करून सैन्यात प्रवेश मिळाला. ९ सप्टेंबर २०१७ ला चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीतून त्या लेफ्टनंट झाल्या आणि आर्मी ऑर्डनन्स कोअर या सैन्याला शस्त्रं-सामग्री पुरवणाऱ्या विभागातली त्यांची पहिली नेमणूक पुण्याजवळच, देहूरोडला झाली.