राजाची ओळख पटली बहिणीमुळे

बाळ बघायला आलेल्या बायका नाक कुणावर गेलंय, कपाळ कुणाचं, याचा निकाल पाच मिनिटांत लावतात. पेशीच्या केंद्रकातल्या डीएनएचा हिशेब इतका सरळ नसतो. दर पिढीला पत्ते पिसले जातात. आजीचा वाटा साधारण पाव, पणजीचा त्याच्याही निम्मा. न पिसता जवळजवळ जसाच्या तसा मिळतो तो आईकडचा एक छोटा ठेवा.

हा ठेवा असतो मायटोकाँड्रियात, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांत. त्यांचा स्वतःचा गोल डीएनए असतो, 16,569 अक्षरांचा आणि अवघ्या 37 जनुकांचा. शुक्रपेशीतही तंतुकणिका असतात, शेपटी हलवायला ऊर्जा लागतेच की! पण बीजांडात शिरल्यावर त्या नष्ट होतात. त्यामुळे मुलगा असो वा मुलगी, हा डीएनए आईचा. आणि पुढे जातो तो फक्त लेकीकडून.

2012 मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात गाड्या लावायच्या जागेखाली एक सांगाडा सापडला. कणा वाकडा, कवटीवर घाव. 1485 मध्ये बॉसवर्थच्या लढाईत मारला गेलेला राजा तिसरा रिचर्ड हाच का? त्याचा स्वतःचा वंश तर पुढे चाललेला नव्हता. मग संशोधकांनी त्याची बहीण अ‍ॅन हिच्या लेकी, लेकींच्या लेकी असा माग काढत आजच्या दोन वंशजांना गाठलं. एकाचा तंतुकणिकांतला डीएनए सांगाड्याशी तंतोतंत जुळला, दुसरीत एकाच अक्षराचा फरक निघाला. पाचशे वर्षांत एक अक्षर! आपल्याकडे सातबाऱ्यावर तीन पिढ्यांत याहून जास्त चुका होतात.

वाय गुणसूत्र बापाकडून मुलाला मिळतं, आडनावासारखं. ‘वंशाचा दिवा’ म्हणून ज्याचं कौतुक चालतं, त्याची खरी कसोटी इथेच. वंशावळीप्रमाणे रिचर्डच्या घराण्यातले पाच पुरुष तपासले, तर एकाचंही वाय त्याच्याशी जुळलं नाही. मधल्या कुठल्यातरी पिढीत बाप कागदावर एक होता आणि प्रत्यक्षात दुसरा. ते कोणत्या पिढीत घडलं, हे या चाचणीतून कळत नाही. 2014 मध्ये हे प्रसिद्ध झालं, तेव्हा राजगादीच्या हक्कावरही चर्चा रंगली.

आणि ज्याचा तंतुकणिकांतला डीएनए अक्षरन् अक्षर जुळला, तो पुरुष. त्याच्या मुलाबाळांकडे त्यातलं काहीच जाणार नाही.