पाठीतून की पूर्ण भूल? म्हातारपणी ऑपरेशननंतर होणाऱ्या भ्रमाची पार्श्वभूमी

खुब्याचं हाड मोडलेल्या आजी मिरजेत दाखल झाल्या की नातेवाइकांचा पहिला आग्रह ठरलेला असतो : "डॉक्टरसाहेब, पूर्ण भूल नको, पाठीतूनच द्या." शेजारच्या कुणाच्या तरी वडिलांना पूर्ण भूल दिली होती आणि दुसऱ्या रात्री ते बरळायला लागले, सलाईन उपसून टाकलं, पोटच्या पोराला ओळखेनात, हे त्यांनी ऐकलेलं असतं. "वात झालाय", "भूल उतरलीच नाही" ही त्यावरची घरगुती निदानं. डॉक्टर याला भ्रम (डिलिरियम) म्हणतात.

भुलीवरचा हा संशय जुना आहे. ईथर १८४६ साली वापरात आलं आणि चाळीसच वर्षांनी, १८८७ मध्ये, भुलीनंतर येणाऱ्या वेडसरपणावर ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात लेख छापून आला. पाठीच्या कण्यातून भूल देण्याचा पहिला यशस्वी प्रयोग १८९८ चा. मिरजेत मिशनचं रुग्णालय उभं राहिलं तेही त्याच दशकात. पण संशय पक्का झाला तो १९५५ मध्ये. पूर्ण भुलीखाली ऑपरेशन झालेल्या, पन्नाशीपुढच्या सुमारे बाराशे रुग्णांची टिपणं एका ब्रिटिश डॉक्टरांनी तपासली आणि अगदी अटळ असेल तरच म्हाताऱ्या माणसांचं ऑपरेशन करावं, असं बजावलं. त्या काळी तुलनेला दुसरा गट नव्हता. दोष भुलीचा, मोडलेल्या हाडाचा, तापाचा की आधीच सुरू झालेल्या विसराळूपणाचा, हे त्यातून कळणं शक्यच नव्हतं. तरी ठपका भुलीवर बसला तो बसलाच.

पुढची साठ-पासष्ट वर्षं वाद याच एका प्रश्नाभोवती फिरत राहिला. पाठीतून भूल दिली की डोकं शाबूत राहतं, हे ऐकायला पटतं. पण पाठीत इंजेक्शन दिल्यावरही रुग्ण टेबलावर घाबरू नये म्हणून झोपेचं औषध शिरेतून देतातच, आणि ते इतकं देता येतं की माणूस पूर्ण भुलीइतकाच गाढ जातो. २०१० मध्ये अमेरिकेत खुब्याच्या ११४ रुग्णांवर नेमकं हेच तपासलं. भूल सगळ्यांना पाठीतूनच होती. गाढ झोपवलेल्यांपैकी ४० टक्के भ्रमात गेले, हलकं औषध दिलेल्यांपैकी १९ टक्के. निकाल इतका ठळक की वाद मिटल्यासारखं वाटलं. २०१८ मध्ये त्याच प्रश्नावर मोठी चाचणी झाली आणि एकूण रुग्णांत फरक दिसला नाही.

२०२१ मध्ये दोन मोठ्या चाचण्या पाठोपाठ आल्या. अमेरिका-कॅनडातल्या १६०० रुग्णांत पाठीतून भूल दिलेल्यांत भ्रमाचं प्रमाण २०.५ टक्के, पूर्ण भुलीत १९.७. चीनमधल्या ९५० रुग्णांत ते ६.२ आणि ५.१ टक्के, तिथे तर पाठीतून भूल दिलेल्यांना झोपेचं औषधही दिलेलं नव्हतं. म्हणजे फरक नाहीच. फुप्फुस, हृदय, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या हे सगळं पाहून भूलतज्ज्ञ जी भूल निवडतील ती घ्यावी. भ्रमाच्या भीतीपोटी हट्ट धरण्याला आता आधार उरलेला नाही. मेंदूच्या लहरी पाहत भूल हलकी ठेवण्याचा प्रयोगही २०१९ मध्ये १२३२ रुग्णांवर झाला. भ्रम कमी झाला नाही.

खरी वाट वेगळीकडून निघाली, आणि तिला कधी इतकी प्रसिद्धी मिळाली नाही याचं वाईट वाटतं. १९९९ मध्ये सत्तरीपुढच्या ८५२ रुग्णांपैकी निम्म्यांना चष्मा वेळेवर देणं, ऐकू येईल असं बोलणं, पाणी पाजणं, चालवणं, रात्री गोळीऐवजी गरम दूध आणि पाठ चोळून देणं, एवढंच केलं. बाकीच्यांत भ्रमाचं प्रमाण १५ टक्के होतं, यांच्यात ९.९. हे रुग्ण ऑपरेशनचे नव्हते. पण २०१७ मध्ये तैवानमध्ये पोटाच्या मोठ्या ऑपरेशनच्या ३७७ रुग्णांत बोलत राहणं, खाऊपिऊ घालणं, लवकर उठवणं या तीनच गोष्टींनी प्रमाण १५.१ वरून ६.६ टक्क्यांवर आलं.

१९९९ च्या त्या प्रयोगात ही कामं करायला बाहेरून स्वयंसेवक आणावे लागले होते. आपल्याकडे सून, मुलगी, नातू डबा घेऊन वॉर्डाबाहेर सतरंजीवर बसलेले असतात. पण आयसीयूत त्यांना सकाळ-संध्याकाळ काही मिनिटंच सोडतात, आणि आत जाताना चष्मा, कवळी, कानाचं यंत्र "हरवेल" म्हणून त्यांच्याच पिशवीत परत देतात. अथणी किंवा विजापूरकडून मिरजेत आलेल्या कानडी आजीला तर आपली भाषा बोलणारं माणूसही रात्रभर भेटत नाही.

अलीकडची अडचण ओळखण्याची आहे. गप्प पडून राहणारा, न जेवणारा भ्रम कुणाच्या लक्षात येत नाही. त्यासाठी गेल्या दशकात चार भागांची एक छोटी चाचणी रुजली. तीत वय, जन्मतारीख, ठिकाण, चालू साल विचारतात आणि डिसेंबरपासून महिने उलटे म्हणायला लावतात. जत-आटपाडीच्या आजोबांची जन्मतारीख शाळामास्तरांनी लिहिलेली १ जून, आणि त्यांचे महिने चैत्र-वैशाखाचे. दोन्ही भागांत ते अडखळले तर शुद्धीत असूनही तीनपर्यंत गुण चढू शकतात, आणि चार झाले की भ्रमाचा संशय. पण चौथ्या भागात एका फटक्यात चार गुण देणारा प्रश्न आहे : हे माणूस काल-परवापर्यंत असं होतं का? त्याचं खात्रीचं उत्तर बाहेर सतरंजीवर बसलेल्या सुनेकडे असतं.