मांजर, दूध आणि मिटलेले डोळे

मांजर डोळे मिटून दूध पितं आणि त्याला वाटतं, आपल्याला कोणी पाहत नाही. चोरून काही करणाऱ्याला आपण हे हमखास ऐकवतो. पण बिचाऱ्या मांजराच्या मनात चोरीबिरी काही नसते. अंधूक उजेडातही उंदीर हेरणाऱ्या त्याच्या डोळ्यांना नाकापासून वीतभर अंतरातलं मात्र धूसर दिसतं. तोंड वाटीशी गेलं की डोळ्यांचा फारसा उपयोग उरत नाही. जवळचा अंदाज मिशा घेतात. मग पापण्या मिटल्या काय, उघड्या राहिल्या काय!

पिण्याची तऱ्हा तर बघत राहावी अशी. जिभेचा चमचा करून मांजर दूध उचलतं, असं आपण समजतो. तेव्हा अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेत असलेले संशोधक रोमन स्टॉकर न्याहारी करता करता आपल्या ‘कट्टा कट्टा’ नावाच्या मांजराचं पिणं न्याहाळत होते. त्यातून प्रयोग सुचला. अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपलेलं ते गुपित २०१० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आलं. मांजर जिभेचं टोक खाली मुडपतं, दुधाला नुसतं टेकवतं आणि झटक्यात वर घेतं. जिभेला चिकटलेलं दूध तिच्यामागे बारीक खांबासारखं उभं राहतं. तो खांब कोसळण्याआधीच जबडा मिटतो आणि वरचा घोट आत जातो. हे सगळं सेकंदाला तीन-चार वेळा, आणि हनुवटी कोरडीच. वाघ-सिंहही असेच पितात, फक्त जरा सावकाश.

आणि दुधाची गोडी? ती मांजराला कळतच नाही. गोड चव ओळखण्यासाठी जिभेवर दोन प्रथिनांची जोडी लागते. त्यातल्या एकाचं जनुक मांजरात मोडलेलं आहे, हे फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवलं. वाघ आणि चित्त्यातही तोच बिघाड सापडला. म्हणजे मावशीचं आणि भाच्याचं इथेही जमलं. मांजराला भूल पडते ती स्निग्धतेची. शिंकं तुटल्यावर बोक्याचं फावतं, ते तिथल्या लोण्यासाठी.

दुधातली साखर पचवणारं विकर पिल्लाच्या पोटात भरपूर असतं, पण अंगावरचं दूध सुटलं की ते कमी होत जातं. पुष्कळ मोठ्या मांजरांना म्हणूनच बशीभर दुधाने जुलाब होतात. प्रेमाने बशी पुढे करणाऱ्यांनी ती पाण्याने भरावी, असं मला मनापासून वाटतं.

पावसाळ्यात जिन्याखाली सापडलेल्या पिल्लालाही गाईचं दूध पुरत नाही. मांजरीच्या दुधात प्रथिनं कितीतरी जास्त असतात. पिल्लांसाठीची दूध पावडर मिळते, ती पशुवैद्यांना विचारून द्यावी. आणि पाजताना त्याला तान्ह्या बाळासारखं उताणं धरू नये, पालथंच ठेवावं. उताण्या पिल्लाच्या फुप्फुसात दूध जाऊ शकतं.