द्विध्रुवी विकार असलेल्या पालकांची मुले : चिंताविकार आणि आनुवंशिकता

आई किंवा वडिलांना द्विध्रुवी मनोविकार, म्हणजे रोजच्या बोलण्यातला बायपोलर, असेल तर त्यांच्या मुलांमध्ये चिंताविकार बराच अधिक आढळतो. उन्माद (मनाची अतिउत्तेजित अवस्था) आणि नैराश्य यांचे झटके बहुधा किशोरवयाच्या अखेरीस किंवा विशीत सुरू होतात. चिंता त्याच्या कितीतरी आधी, प्राथमिक शाळेतच दिसू लागते.

अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे बोरिस बर्माहर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा पालकांची ३८८ मुले तपासली. त्यांच्यापैकी २५.८ टक्के मुलांना कोणता ना कोणता चिंताविकार होता. तुलनेसाठी घेतलेल्या मुलांत हे प्रमाण १०.८ टक्के होते. द्विध्रुवी गटातले विकार अनुक्रमे १०.६ आणि ०.८ टक्के मुलांत आढळले. थोडक्यात, त्या वयात पालकांच्या आजारापेक्षा चिंताच अधिक मुलांना गाठते.

ही चिंता घरात पटकन ओळखू येत नाही. दप्तर भरून झाले की पोट दुखते, आणि रविवारी दुखत नाही. रात्री आईजवळच झोपायचे असते. बाबांना यायला थोडा उशीर झाला की मूल दर पाच मिनिटांनी दाराशी जाऊन येते. घरचे याला हट्ट किंवा भित्रेपणा म्हणतात आणि वर्षे निघून जातात.

जुळ्यांच्या अभ्यासांवरून द्विध्रुवी विकाराची आनुवंशिकता साधारण ६० ते ८५ टक्के, तर चिंताविकारांची ३० ते ५० टक्के मानली जाते. या आकड्यांचा अर्थ लावताना फार गफलत होते. ७० टक्के आनुवंशिकता म्हणजे मुलाला आजार होण्याची शक्यता ७० टक्के, असे मुळीच नाही. समाजातल्या माणसामाणसांमधील फरकाचा किती वाटा जनुकीय फरकांतून येतो, एवढेच तो आकडा सांगतो. एका पालकाला हा विकार असल्यास मुलाला तोच होण्याची शक्यता साधारण ५ ते १० टक्के धरतात.

एकच दोषी जनुक शोधण्याचे दिवस आता मागे पडले. १९९६ मध्ये मेंदूतील सेरोटोनिन या रसायनाची ने-आण करणाऱ्या वाहक जनुकाच्या आखूड रूपाचा चिंताळू स्वभावाशी संबंध जोडला गेला तेव्हा मोठी आशा निर्माण झाली होती; मोठ्या नमुन्यांपुढे असे दावे फारसे टिकले नाहीत. २०२१ मध्ये सुमारे ४२ हजार रुग्णांच्या जनुकसंचाच्या तपासणीतून द्विध्रुवी विकाराशी निगडित ६४ स्थाने सापडली. त्यांतल्या एकेका स्थानाचा परिणाम अगदी लहान असतो. शिवाय द्विध्रुवी विकार, नैराश्य आणि चिंता यांची जनुकीय पाळेमुळे काही अंशी एकमेकांत गुंतलेली आहेत. त्यामुळे पालकांकडून येते ती तयार आजाराची प्रत नसून मनाची एक नाजूक घडण असते, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

सगळेच रक्तातून येते असेही नाही. द्विध्रुवी विकार असलेल्या अनेकांना स्वतःलाही चिंताविकार असतो, आणि दुसऱ्या पालकाचा वारसाही मोजावा लागतो. थॅलिया एली आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये स्वीडनमधील, स्वतः जुळे असलेल्या पालकांच्या किशोरवयीन मुलांचा अभ्यास केला. विषय पालकांच्या चिंतेचा होता, द्विध्रुवी विकाराचा नव्हे. पण पालकांची चिंता मुलांपर्यंत जनुकांपेक्षा सहवासातून अधिक पोहोचते, असे त्यात दिसले. घरातले वातावरण बदलता येते, म्हणून हा निष्कर्ष फार मोलाचा आहे.

कॅनडात अॅन डफी यांनी द्विध्रुवी विकार असलेल्या पालकांच्या मुलांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला. बालपणी चिंताविकार असलेल्यांना पुढे भावनिक विकारांचा, म्हणजे नैराश्य किंवा द्विध्रुवी विकाराचा, धोका वाढलेला आढळला. तरी चिंता असलेले प्रत्येक मूल त्या वाटेने जात नाही. भारतात बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत मनोविकारांचे एकाहून अधिक रुग्ण असलेल्या कुटुंबांचा अभ्यास चालू आहे.

कोणत्या मुलाला चिंता होईल हे सांगणारी जनुकीय चाचणी आज उपलब्ध नाही. कुटुंबाचा इतिहास हाच सर्वांत उपयोगी धागा. आपल्याकडे नेमका तोच लपवला जातो, कारण पुढे स्थळे येणार नाहीत ही धास्ती. मुलाच्या चिंतेवर आधी बोधात्मक वर्तन उपचार (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारे) आणि पालकांचे समुपदेशन केले जाते. औषध लागलेच, तर नैराश्यविरोधी गोळ्या अशा मुलांना कमी मात्रेने सुरू करून बारकाईने लक्ष ठेवावे लागते, कारण काहींमध्ये त्यांनी उन्माद उफाळू शकतो. वडील लिथियम, म्हणजे द्विध्रुवी विकारावरचे औषध, घेतात हे डॉक्टरांना सांगितलेच नसेल, तर ही खबरदारी घेतली जाण्याची शक्यता कमी असते.