नोकियाची विंडोज फोन उडी (२०११–२०१४)

नोकियाची विंडोज फोन उडी म्हणजे फिनलंडच्या नोकिया कंपनीने ११ फेब्रुवारी २०११ ला जाहीर केलेला निर्णय. स्वतःची सिंबियन ऑपरेटिंग सिस्टिम हळूहळू बंद करायची, मीगो या नव्या सिस्टिमवर चाललेलं काम बाजूला ठेवायचं आणि पुढचे सगळे मोठे स्मार्टफोन मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोनवर काढायचे, असं ठरलं. तीन वर्षांच्या आत-बाहेर कंपनीचा हँडसेटचा धंदाच मायक्रोसॉफ्टच्या ताब्यात गेला. ॲप कमी होते, अँड्रॉइड घ्यायला हवं होतं वगैरे यावर जगभर भरपूर लिहून झालंय, खरं बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी या सीमाभागात लोकांच्या हातातून नोकिया सुटला त्याची कारणं ब्लूटूथ, मेमरी कार्ड आणि दोन सिम इतकी साधी आहेत, म्हणून ही नोंद त्याच बाजूने लिहिलीय.

उडीच्या आधी

१९९८ पासून नोकिया जगातली सगळ्यात मोठी मोबाईल कंपनी. २००३ चा ११०० तर जगभर २५ कोटींच्या घरात विकला गेला, त्याला टॉर्च होती, कीपॅडमध्ये धूळ जात नव्हती, आणि बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत कामाला जाणारा असू दे नाहीतर निपाणीकडचा तंबाखूवाला, धूळ दोघांच्याही नशिबाला असल्यामुळे हा फोन इथे का चालला ते वेगळं सांगायला नको. ज्याच्याकडे जरा पैसे होते त्याच्याकडे ६६००, एन७०, एन७३, नंतर टचवाले ५८०० आणि ५२३३. हे सगळे सिंबियनवर चालायचे. सिंबियनचं मूळ ब्रिटनच्या सायन कंपनीच्या ईपॉक या सिस्टिममध्ये. १९९८ ला सायन, नोकिया, एरिक्सन आणि मोटोरोलाने मिळून सिंबियन कंपनी काढली आणि २००८ ला नोकियाने ती अख्खीच घेतली. ही सिस्टिम कमी रॅममध्ये, कमी बॅटरीत छान चालायची, पण लिहिलेली बटणांच्या फोनसाठी. २००७ ला आयफोन आला, पुढच्या वर्षी अँड्रॉइडचा पहिला फोन आला, आणि बोटाने चालवायच्या फोनवर सिंबियन ओढूनताणून बसवल्यासारखी दिसायला लागली.

तेव्हा फोन घेतला की पुढचा मुक्काम गाणी भरून देणारं दुकान. बेळगावची गणपत गल्ली असो, खडेबाजार असो नाहीतर खानापूरचं स्टँड, दुकानदार कॉम्प्युटरला कार्ड रीडर लावून दोन जीबीच्या कार्डात अभंग, लावण्या, कन्नड पिक्चरची नवीन गाणी, सगळं एकदमच भरून द्यायचा, आणि तिथून पुढे ते ब्लूटूथने गावभर फिरायचं. नेट म्हणजे ऑपेरा मिनी हा ब्राउझर. त्यात मराठी पेपर उघडला की नुसते चौकोन दिसायचे, मग कुणीतरी कॉलेजचं पोर ऑपेराच्या कॉन्फिगमध्ये जाऊन बिटमॅप फॉन्टची सेटिंग चालू करून द्यायचं आणि अक्षरं दिसायला लागायची. सांगायचा मुद्दा, सिंबियन जुनाट होती हे खरंच आहे, पण तिच्याभोवती जे जुगाड उभं राहिलं होतं ते इथल्या लोकांच्या पूर्ण अंगवळणी पडलेलं होतं.

निर्णय

सप्टेंबर २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टमधून आलेले स्टीफन एलॉप नोकियाचे प्रमुख झाले, फिनलंडबाहेरचा माणूस त्या खुर्चीत पहिल्यांदाच बसला. फेब्रुवारी २०११ मध्ये त्यांनी कर्मचाऱ्यांना लिहिलेली चिठ्ठी बाहेर फुटली, तिच्यात उत्तर समुद्रातल्या जळत्या तेलफलाटावरून बर्फासारख्या पाण्यात उडी टाकणाऱ्या माणसाची गोष्ट होती. म्हणजे आपल्याच मालाला आग लागलीय हे मालकाच्या जागेवरच्या माणसानेच सांगितलं. थोड्याच दिवसांत लंडनमध्ये मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर यांना शेजारी घेऊन घोषणा झाली, त्याच दिवशी नोकियाचा शेअर १४ टक्क्यांच्या आसपास पडला.

अँड्रॉइड का नको, तर तिथे सॅमसंग, एचटीसी आधीच बसलेत, त्या गर्दीत आपण आणखी एक होणार, अशी भीती होती. विंडोज फोनमध्ये आपण पहिल्या नंबरला असू, शिवाय मायक्रोसॉफ्ट दर तिमाहीला २५ कोटी डॉलरची मदत देणार. हिशेब अगदीच वेडा नव्हता.

घोटाळा झाला तो वेळेचा. सिंबियन जाणार हे फेब्रुवारीत सांगून टाकलं आणि विंडोज फोनवरचे पहिले फोन, म्हणजे लुमिया, दाखवले ऑक्टोबरच्या शेवटी. नवीन बोअरला पाणी लागायच्या आधीच जुनी विहीर बुजवायला घेतली असा हा प्रकार. कंपनी म्हणत होती की अजून १५ कोटी सिंबियन फोन विकू, पण बंद पडणार म्हटलेली वस्तू कोण घेणार? २०१० च्या शेवटच्या तिमाहीत नोकियाचे २ कोटी ८३ लाख स्मार्टफोन गेले होते, २०११ च्या दुसऱ्या तिमाहीत १ कोटी ६७ लाख, आणि २०१२ च्या दुसऱ्या तिमाहीत १ कोटी २ लाख, त्यात लुमिया फक्त ४० लाख. २०१२ च्या सुरुवातीला सॅमसंगने पहिला नंबर काढून घेतला. जून २०११ मध्ये मीगोवरचा एन९ जाहीर झाला, बटण नाही, नुसतं बोट सरकवायचं, ज्यांनी पाहिला त्यांनी लय कौतुक केलं, पण ज्या सिस्टिमला आपण सोडलंय तिचा फोन विकायचा कसा, त्यामुळे अमेरिका, ब्रिटन, जर्मनी अशा मोठ्या बाजारात तो काढलाच नाही.

सीमाभागात लुमिया

नोव्हेंबर २०११ मध्ये लुमिया ८०० आणि ७१० भारतात आले, किंमत अंदाजे ३० हजार आणि १९ हजार. दिसायला फोन एक नंबर, रंगीत चौकोनी टाइल, कुठे अडकत नाही. घेऊन दुकानात गेलं की मात्र पंचाईत. कार्ड टाकायला जागाच नाही. बरं, ब्लूटूथने दोन गाणी पाठवा म्हटलं तर विंडोज फोन ७ मध्ये ब्लूटूथवरून फाइल जातच नव्हती, नुसता हेडसेट जोडायचा. गाणी भरायची तर कॉम्प्युटरवर झून नावाचं सॉफ्टवेअर टाकायचं आणि त्यातूनच भरायची. ज्या माणसाच्या घरी कॉम्प्युटरच नाही त्याने काय करायचं, याचं उत्तर कुठेच नव्हतं. जुन्या दीड हजाराच्या नोकियात जे होत होतं ते १९ हजाराच्या नोकियात होईना!

दुसरी गोष्ट दोन सिमची, आणि ही तर सीमाभागाचीच खासियत. बेळगाव जिल्हा मोबाईल सेवेच्या कर्नाटक सर्कलमध्ये, म्हणजे विभागात, पलीकडचं कोल्हापूर, चंदगड, कागल महाराष्ट्र सर्कलमध्ये, आणि गोवाही महाराष्ट्राच्याच सर्कलमध्ये. तेव्हा निपाणीहून कागलला बाजाराला गेलं की रोमिंग लागायचं. हद्दीवरच्या गावात तर माणूस घरातच बसलेला असायचा आणि फोन आपोआप पलीकडचा टॉवर पकडायचा, मग बॅलन्स कापला की कस्टमर केअरशी भांडण. बहीण गडहिंग्लजला दिलेली, पोरगा पणजीला कामाला, शेत इकडे. म्हणून लोक कर्नाटकचं एक आणि महाराष्ट्राचं एक अशी दोन सिम ठेवायचे. दुकानात पहिला प्रश्न "दोन सिमचं हाय काय ओ?" हाच. मायक्रोमॅक्स आणि बाकीच्या भारतीय कंपन्यांनी ही नस बरोबर पकडली. नोकियाचे दोन सिमवाले साधे फोन २०१० नंतर यायला लागले, आणि दोन सिमचा पहिला लुमिया, ६३०, आला २०१४ च्या मे महिन्यात. तोवर इथला गिऱ्हाईक केव्हाच अँड्रॉइडवर गेलेला.

त्यात भर म्हणून जून २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने सांगितलं की विंडोज फोन ८ जुन्या लुमियांना मिळणारच नाही. सात-आठ महिन्यांपूर्वी ३० हजार मोजलेल्या माणसाला ७.८ नावाचं अपडेट मिळालं, त्यात मुख्य म्हणजे नवीन होमस्क्रीन. म्हणजे दीड वर्षात दुसऱ्यांदा तेच, चालू माल स्वतःच जुना ठरवायचा.

चांगलं काही नव्हतं असं नाही. २०१३ चा लुमिया ५२० साडेदहा हजाराच्या आसपास मिळायचा, त्यात कार्ड होतं, ब्लूटूथने फाइल जायची, ५१२ एमबी रॅममध्येही फोन पळायचा, तर त्याच पैशातला अँड्रॉइड बऱ्याचदा रडत चालायचा. विंडोज फोनमधला सगळ्यात जास्त खपलेला हाच. नोकियाचे मॅप नेट नसताना चालायचे, चोर्ला घाट किंवा खानापूरच्या जंगलपट्टीत जिथे रेंजच नाही तिथे ही फार मोठी सोय होती, आणि माझ्या मते नोकियाने याची जाहिरात फारच कमी केली. ॲपचं दुखणं मात्र शेवटपर्यंत राहिलं. मे २०१४ मध्ये तर व्हॉट्सॲपच काही दिवस विंडोज स्टोअरमधून गायब होतं, आणि ज्या फोनवर व्हॉट्सॲप मिळत नाही तो फोन इथे कुणी घेत नाही.

विक्री आणि नंतर

३ सप्टेंबर २०१३ ला मायक्रोसॉफ्टने फोनचा धंदा ५४४ कोटी युरोला घ्यायचं जाहीर केलं, व्यवहार २५ एप्रिल २०१४ ला पूर्ण झाला. चेन्नईजवळच्या श्रीपेरंबुदूरचा कारखाना टॅक्सच्या वादामुळे या व्यवहारातून बाहेर राहिला आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून तिथलं उत्पादन थांबलं. इथल्या वाचकाला ही तारीख वेगळ्याच कारणाने पाठ असेल, एक तर तो सीमाभागातल्या मराठी लोकांचा दरवर्षीचा निषेधाचा काळा दिन, आणि त्याच वर्षी त्याच दिवशी सरकारी कागदावर बेळगावचं बेळगावी झालं. दोन्हीचा एकमेकांशी काही संबंध नाही, फक्त योगायोग. जुलै २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने ७६० कोटी डॉलरचा तोटा खाती टाकला. २०१६ मध्ये साधे फोन एचएमडी ही फिनलंडची नवी कंपनी आणि फॉक्सकॉनची एक कंपनी यांच्याकडे गेले, आणि २०१७ ला नोकिया नावाचे अँड्रॉइड फोन बाजारात आले.

अँड्रॉइड घेतलं असतं तर वाचले असते का, हा वाद अजून चालूच असतो. एचटीसी अँड्रॉइडवरच होती आणि तरी बसली, एलजीने २०२१ मध्ये फोनच बंद केले, त्यामुळे नुसतं अँड्रॉइड म्हणजे अमृत असं नाही. उलट मार्च २०१४ मध्ये खुद्द नोकियानेच नोकिया एक्स हा अँड्रॉइडवाला फोन ८,५९९ रुपयांना भारतात काढला होता. दोन सिम, मेमरी कार्ड, ब्लूटूथ, सगळं होतं त्यात, फक्त गूगलचं प्ले स्टोअर नव्हतं. चार महिन्यांत मायक्रोसॉफ्टने ती मालिका बंद करायचं जाहीर केलं.